आरोपीच्या बाजूने कोण उभे राहणार?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



फौजदारी वकिली करणाऱ्या बाईला लग्नकार्यात एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. पंगत बसलेली असते, वाढप सुरू असते आणि शेजारची एखादी मावशी हळूच विचारते, "तू म्हने चोरायच्या केसा लढतं? बाई, तुले रात्री झोप तरी कशी लागते?"

अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांच्या न्यायालयांत मी बरीच वर्षे काळा कोट घालून उभी राहत आले आहे. मावशींना मी एकच उत्तर देते, "मावशी, तो चोर आहे की नाही हे ठरायचं असतं म्हणून तर कोर्ट असतं. ठरलेलंच असतं तर कोर्टाची गरज काय होती?" मावशी मान डोलावतात, पण त्यांचे समाधान झालेले नसते. त्यांच्याप्रमाणेच तुमच्यापैकी अनेकांच्या मनात हा प्रश्न असेल. म्हणून आजच्या या थोड्या वेळात मी आरोपीच्या वकिलाविषयी बोलणार आहे.

आपल्या वऱ्हाडाला या बाबतीत मोठी परंपरा आहे. अमरावतीच्या जुन्या वकीलमंडळींची नावे आठवून पाहा. रंगनाथ नरसिंह मुधोळकर हे अमरावतीचे वकील, 1912 साली बांकीपूरच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. गणेश श्रीकृष्ण खापर्डे, आपण ज्यांना दादासाहेब म्हणतो, तेही अमरावतीचेच वकील. 1897 साली अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. 1908 च्या जुलैमध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर दादासाहेब आपली भरभराटीची वकिली बाजूला ठेवून विलायतेला गेले आणि टिळकांच्या सुटकेसाठी दोन वर्षे तिथे खटपट करीत राहिले. यश आले नाही, टिळकांना मंडालेत राहावेच लागले. पण सरकारने ज्याला गुन्हेगार ठरवले त्याची बाजू शेवटच्या दारापर्यंत नेणारा माणूस आपल्या अमरावतीचा होता, ही गोष्ट लहान नाही.

आणखी एक विशेष आहे. या मंडळींनी कायदा नुसता चालवला नाही, तो घडवलाही. सर मोरोपंत जोशी हे अमरावतीच्या वकिलांपैकीच. 1928-29 साली संमतिवयाच्या प्रश्नावर सरकारने जी समिती नेमली, तिचे ते अध्यक्ष होते. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा 1929 साली मंजूर झाला, त्या वेळच्या चर्चेत या समितीच्या कामाचे वजन होते. डॉ. पंजाबराव देशमुख बॅरिस्टर होऊन आले, अमरावतीत वकिली करू लागले आणि 1930 साली प्रांताचे मंत्री झाले. 1933 चा कर्ज लवाद कायदा वऱ्हाडातला शेतकरी आजही त्यांच्या नावाने ओळखतो. सावकाराने दावा लावला की शेतकरी हा एका परीने आरोपीच असायचा. त्याची बाजू ऐकून घेऊन तडजोड घडवणारी मंडळे या कायद्याने उभी राहिली.

आता परंपरेचे गोडवे गाऊन झाल्यावर माझी एक कबुली द्यायला हवी. ती दिल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

मी वकिलीत नवी होते तेव्हाची गोष्ट. गावाचे आणि माणसांचे नाव मी घेणार नाही. एका लहान मुलाचा खून झाला होता. लोक रस्त्यावर आले, बाजारपेठ बंद राहिली. पोलिसांनी दोन दिवसांत एका मजुराला पकडले. बाररूममध्ये चहा पिता पिता ठरले की त्याचे वकीलपत्र कुणी घ्यायचे नाही. ठराव वगैरे लिहिला गेला नाही, नुसते सगळ्यांनी मनाशी ठरवले. त्या मजुराची बायको माझ्याकडे आली. कडेवर पोर, हातात पिशवी, पिशवीत कापडात बांधलेले काही पैसे. म्हणाली, "बाई, तुमी बाईमानूस हा म्हनून आली. माह्या नवऱ्याचं कोनी आयकतच नाई." मी तिला पाणी दिले आणि सांगितले की माझ्याकडे सध्या खूप कामे आहेत. श्रोतेहो, माझ्याकडे त्या आठवड्यात एकही काम नव्हते.

पुढे न्यायालयाने सरकारी खर्चाने एक वकील नेमून दिला. त्या भल्या माणसाने आरोपीला पहिल्यांदा पाहिले ते कोर्टाच्या व्हरांड्यात, पेशीच्या दिवशी. कागद हाती आले ते त्याच दिवशी. साक्षीदारांची उलटतपासणी कशीबशी उरकली. जन्मठेप झाली. काही वर्षांनी वरच्या न्यायालयात तो निर्दोष सुटला. तोवर त्याची बायको गाव सोडून निघून गेली होती. तो सुटल्याचे मला एका सहकाऱ्याकडून कळले, आणि त्या रात्री मला खरोखर झोप लागली नाही. मावशींचा प्रश्न बरोबरच होता, फक्त तो भलत्या खटल्याबद्दल होता. ज्याची केस मी लढवली त्याच्यामुळे माझी झोप कधी उडाली नाही. जी केस मी नाकारली, तिच्यामुळे उडाली.

आपल्या राज्यघटनेचे बाविसावे कलम सांगते की अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क आहे. 1976 च्या घटनादुरुस्तीने 39-अ हे कलम आले आणि गरिबाला मोफत कायदेशीर मदत देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. 1979 साली बिहारच्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वकील परवडत नसलेल्या आरोपीला वकील मिळणे हा त्याच्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे. आणि 2010 साली तामिळनाडूतल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट म्हटले की अमुक आरोपीचे वकीलपत्र घेणार नाही असा ठराव वकील संघाने करणे बेकायदेशीर आहे, वकिलीच्या नीतीला सोडून आहे. हा निकाल मी वाचला तेव्हा आमच्या बाररूममधला तो चहा मला आठवला.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, वकील नेमून दिला की काम भागले. नाही भागत. आपल्या शेजारच्या खांडव्याचे उदाहरण सांगते. अकोल्याहून खांडव्याला पूर्वी मीटरगेजची गाडी जायची, म्हणजे ते काही परके ठिकाण नाही. 2013 साली तिथे एका चिमुरडीवर अत्याचार करून तिचा खून झाला. संताप स्वाभाविक होता. 19 फेब्रुवारीला आरोपीला वकील नेमून दिला, त्याच दिवशी आरोप निश्चित झाले, आणि 4 मार्चला फाशीची शिक्षा सुनावली. सगळा खटला दोन आठवड्यांच्या आत आटोपला. लोकांनी समाधान व्यक्त केले असेल. पण 2019 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. बचावाच्या वकिलाला कागद वाचायलासुद्धा वेळ मिळाला नाही, असा खटला न्याय्य म्हणता येत नाही, असे सांगून खटला पुन्हा चालवायला लावला. ज्या गुन्ह्यात फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते, तिथे किमान दहा वर्षे वकिली केलेलाच वकील नेमावा आणि त्याला तयारीसाठी साधारण सात दिवस तरी द्यावेत, असेही घालून दिले. फेरखटल्यात 2024 साली तो माणूस निर्दोष सुटला. अकरा वर्षे तो तुरुंगात होता.

इथे जरा थांबून त्या मुलीच्या आईवडिलांचा विचार करा. घाईने मिळालेला तो न्याय त्यांच्या हातात राहिला का? अकरा वर्षांनी ते पुन्हा पहिल्याच पायरीवर येऊन उभे राहिले. म्हणून मी म्हणते, आरोपीला चांगला वकील मिळणे ही पीडित कुटुंबाचीही गरज आहे. चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की खरा गुन्हेगार मोकळा फिरत राहतो.

नाशिक जिल्ह्यातले 2003 चे प्रकरण तर आणखी भयंकर. भटक्या जमातीतल्या सहा जणांना 2009 साली सर्वोच्च न्यायालयातून फाशी कायम झाली होती. दहा वर्षांनी, 5 मार्च 2019 रोजी, त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सरकारला दिला. त्यांच्यातला एक जण तर गुन्हा घडला तेव्हा अल्पवयीन होता. फाशी झाली असती तर भरपाई कुणाला दिली असती?

भटक्यांची गोष्ट निघाली म्हणून आपल्या पारधी बेड्यांबद्दल बोलते. इंग्रजांनी 1871 साली काही जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली गेला. पण 1959 साली सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा आला आणि पोलीस ठाण्याच्या मनातली जुनी यादी काही पुसली गेली नाही. मागे एका बेड्यावरचा वीस वर्षांचा पोरगा माझ्याकडे आला, म्हणजे त्याची आई आली. विहिरीवरची मोटर चोरल्याचा आरोप होता. जामीन लगेच मिळाला. दहा हजार रुपयांचा जामीनदार हवा होता, सातबारा असलेला. आता बेड्यावर सातबारा कुणाच्या नावाने असणार? गावातला कास्तकार पारध्याच्या पोराला जामीन राहील का? जामीन मिळूनही पोरगा आठ महिने आत राहिला. शेवटी अर्ज करून करून जातमुचलक्यावर सुटला. खटला चालला तेव्हा उलटतपासणीत पंचाने कबूल केले की त्याच ठाण्याच्या बऱ्याच पंचनाम्यांवर त्याच्या सह्या आहेत आणि मोटर नेमकी कुठून काढली ते त्याने पाहिलेच नाही. पोरगा निर्दोष सुटला. पण त्याचे आठ महिने, त्या वर्षीचे सोयाबीन आणि तुरीच्या सोंगणीची मजुरी, हे कोण देणार?

2022 च्या जूनमध्ये आपल्या अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर रस्त्याचे डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आपल्याला सगळ्यांना अभिमान वाटला. मला मात्र तेव्हा त्या पोराचे आठ महिने आठवले. रस्ता पाच दिवसांत होऊ शकतो, तर एक जामीनपत्र तुरुंगाच्या फाटकापर्यंत पोचायला आठ महिने का लागावेत?

श्रोतेहो, चित्र अगदीच काळे नाही. गेल्या काही वर्षांत एक चांगले काम सुरू झाले आहे आणि ते लोकांना नीट माहीत नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2022 साली एक योजना आणली. आपल्याकडे तिच्या कार्यालयाला 'लोक अभिरक्षक कार्यालय' म्हणतात. जसा सरकारी वकील सरकारच्या बाजूने पूर्णवेळ काम करतो, तसे आरोपीच्या बाजूने पूर्णवेळ काम करणारे वकील जिल्हा पातळीवर नेमायचे, अशी ही कल्पना. पूर्वी यादीतल्या वकिलाला एखादी मोफत मदतीची केस मिळायची, मानधन तुटपुंजे, त्यामुळे स्वतःची कामे आटोपून वेळ उरला तर ती पाहिली जायची. आता या कार्यालयातल्या वकिलांना खासगी वकिली करता येत नाही. मुख्य लोक अभिरक्षकाला किमान दहा वर्षांचा फौजदारी कामाचा अनुभव लागतो आणि सत्र न्यायालयातले तीस खटले चालवलेले असावे लागतात. कोठडीच्या पहिल्या दिवसापासून जामीन, खटला, अपील असे सगळे टप्पे त्यांनी सांभाळायचे. तुरुंगात जाऊन बंद्यांना भेटायचे.

या तरुण वकिलांचे काम मी जवळून पाहिले आहे. हातात वही घेऊन ते कारागृहात जातात, कुणाची तारीख लागली नाही, कुणाचा जामीनदार नाही, कुणाला दोषारोपपत्राची प्रत मिळाली नाही, ते लिहून आणतात. सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या जानेवारीत सांगितले आहे की जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालयाला अट शिथिल करण्याचा विचार स्वतःहून करता येतो. माझ्या त्या पोराच्या वेळी हे असते तर त्याचे सात महिने वाचले असते. अशा कामाची बातमी होत नाही. निर्दोष माणूस घरी गेला, तो शेतावर कामाला लागला, यात बातमी ती काय? पण बचाव पक्षाची कमाई म्हणतात ती हीच.

आता येऊ घातलेल्या कायद्यांबद्दल थोडे. वकिलांवर हल्ले होतात, धमक्या येतात. 2024 च्या जानेवारीत राहुरीला वकील दांपत्याचा खून झाला, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला. राजस्थानने 2023 साली वकील संरक्षणाचा कायदा केला, त्याच वर्षी कर्नाटकच्या विधिमंडळानेही केला. आपल्या राज्यातही तसा कायदा व्हावा ही वकिलांची मागणी आहे, आणि माझाही तिला पाठिंबा आहे. परंतु या मागणीत मला एक भर घालावीशी वाटते. वकिलाला संरक्षण कशासाठी? त्याच्या काळ्या कोटासाठी नव्हे. न आवडणाऱ्या माणसाची बाजू त्याने निर्भयपणे मांडावी, यासाठी. मग कायद्यात हेही लिहा की आरोपीचे वकीलपत्र घेतले म्हणून वकिलाला कुणी अडवले, बहिष्कार घातला, तर तोही गुन्हा समजला जाईल. हे कलम आम्हा वकिलांनाही लागू राहू द्या. माझ्यासारख्या नवख्या मुलीला त्या वेळी अशा कलमाचा आधार असता, तर कदाचित मी खोटे बोलले नसते.

दुसरे, लोक अभिरक्षक कार्यालय आज योजनेवर चालते. तिथल्या वकिलांच्या नेमणुका कंत्राटी, ठराविक मुदतीच्या. सरकारी वकिलाचे पद कायद्यात लिहिलेले आहे, आरोपीच्या वकिलाचे का नसावे? राज्याने कायदा करून या कार्यालयाला कायमचा पाया द्यावा, स्वतंत्र निधी द्यावा, तालुक्याच्या न्यायालयापर्यंत ते न्यावे. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू माणसाला अमरावतीला यायचे तर घाट उतरून यावे लागते, दिवस मोडतो. त्याची भाषा समजणारा दुभाषीही त्या कार्यालयात हवा.

तिसरे, घाईचे. 2020 साली राज्यात 'शक्ती' विधेयक आले. महिला आणि बालकांवरच्या अत्याचाराचा तपास पंधरा दिवसांत आणि खटला तीस दिवसांत संपवावा, अशी मूळ मसुद्यात तरतूद होती. 2021 च्या डिसेंबरात काही बदल करून विधिमंडळाने ते मंजूर केले, पण राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. त्यामागची तळमळ खरी होती. एक बाई म्हणून मला ती कळते. तारखांवर तारखा घेत पीडितेला थकवणारे बचावाचे वकीलही मी पाहिले आहेत आणि त्यांची मला लाज वाटते. पण खटला लवकर निकाली काढायचा तर न्यायाधीश वाढवा, प्रयोगशाळांचे अहवाल वेळेवर आणा, साक्षीदाराला ठरल्या तारखेला हजर करा. बचावाचा वेळ कापून वेग आणू नका. खांडव्याने तो धडा आपल्याला दिला आहे.

1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला, तर त्याला सोडावे अशी चांगली तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत, ते समजू शकते. पण ज्याच्यावर एकाहून अधिक प्रकरणे आहेत त्यालाही हा लाभ नाही. बेड्यावरच्या पोरावर एकाच गोष्टीतून तीन प्रकरणे लागतात हे ज्याला माहीत आहे, त्याला या एका वाक्याचा अर्थ कळेल. कायदा करणाऱ्यांनी आमच्या पेशीच्या दिवशी व्हरांड्यात तासभर बसून पाहावे, एवढेच मागणे आहे.

शेवटी तुमच्या उपयोगाचे सांगते. तुमच्या ओळखीत कुणाला अटक झाली आणि वकील परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तिथे जा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. 15100 या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. अर्ज साध्या कागदावर, आपल्या मराठीत चालतो. आणि पहिल्याच दिवशी जा. पंधरा दिवस याच्या-त्याच्या ओट्यावर चकरा मारून, दागिना मोडून मग येऊ नका.

ती पिशवीवाली बाई मला पुन्हा कधी भेटली नाही. तिचे गाव कुठे, ती कुठे गेली, मला माहीत नाही. पण तेव्हापासून माझ्या दारात आलेल्या कुणालाही मी 'खूप कामे आहेत' असे खोटे सांगितलेले नाही. पुढच्या लग्नात मावशींनी पुन्हा विचारले, तर या वेळी मी त्यांना त्या बाईची गोष्ट सांगणार आहे.